'नको'चं चित्र

आयोजकांनी फोनवर विषय सांगितला तो 'दिव्यांग मुलांची सुरक्षितता'. मघाशी चहाच्या वेळी दोन पालकांनी विचारलंही, "मॅडम, कॅमेरा कुठला बसवू?" बसवा, मी नाही म्हणत नाही. पण मोरीत कॅमेरा बसत नाही, आणि आपल्या मुलांचा कितीतरी वेळ मोरीत, कपडे बदलण्यात, भरवून घेण्यात, म्हणजे कुणाच्या तरी हातांत जातो. आज मला त्या हातांबद्दल बोलायचंय.

मी 26 वर्षं विशेष शिक्षिका आहे. इतक्या वर्षांत मुलांना सगळ्यात जास्त काय शिकवलं असेल, तर ऐकायला. तोंड उघड. हात वर. हलू नकोस. शहाणं माझं बाळ! जे मूल कुणाच्याही हातून निमूट अंघोळ करून घेतं, त्याला आपण 'गुणी' म्हणतो. गैरफायदा घेणाऱ्याला नेमकं असंच गुणी मूल हवं असतं. हे बोलताना मला जड जातं, कारण तो गुणीपणा शिकवणाऱ्यांत मीही आहे.

आमच्याकडे एक मुलगी होती. बोलत नव्हती. शाळा सुरू झाल्यावर एका जूनमध्ये ती व्हॅनमध्ये बसायला तयारच होईना. दारापाशी आली की अंग टाकून द्यायची. आम्ही काय केलं? वहीत 'वर्तन समस्या' असं लिहिलं आणि उपाय काढला : मुकाट्याने बसली की बिस्किट. 3 आठवड्यांत बसायला लागली. आम्ही खूश. मग एक दिवस तिच्या आजीने नातीची बाही वर सारून मनगटं दाखवली. ही चालत्या गाडीत दार उघडते म्हणून मदतनीस बाई तिचे हात ओढणीने सीटला बांधायच्या. रोज, जाताना 40 मिनिटं, येताना 40 मिनिटं. अंग टाकून देणं हीच त्या मुलीची तक्रार होती. दुसरी भाषा तिला येत नव्हती. ती तक्रार आम्ही बिस्किटं देऊन बंद केली.

त्या रात्री मी तिचा संवाद-तक्ता, म्हणजे न बोलणाऱ्या मुलाने बोट ठेवून सांगायचा चित्रांचा तक्ता, घेऊन बसले. पुठ्ठ्यावर चिकटवलेली, लॅमिनेट केलेली 36 चित्रं. पाणी, पोळी, शू, झोका, टीव्ही, अगदी गणपतीबाप्पासुद्धा. 'नको' नाही. 'दुखतंय' नाही. 'कोणी?' विचारलं तर दाखवायला व्हॅनच्या बाईंचा फोटो नाही. आणि माणसाचं शरीर? ते तक्त्यावर गळ्याशी संपत होतं. असा तक्ता हातात असताना ती सांगणार तरी काय, आणि कसं?

तुमच्यातल्या पन्नाशीपुढच्यांना 1994 आठवत असेल. शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात आणून काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण सांगितलं गेलं. ओरड झाली, शस्त्रक्रिया थांबल्या. पण आजही आया माझ्याकडे येतात, आवाज खाली करून 'पिशवी काढून टाकू का' म्हणून विचारतात, आणि दुसऱ्याच वाक्यात खरं बाहेर पडतं : "उद्या काही झालं तर?" त्या बाईला मी दोष देत नाही, ती भीती तिच्या उशाशी असते. पण पिशवी काढल्याने काय होतं ते बघा. दिवस राहत नाहीत. अत्याचार थांबत नाही, तो फक्त कळायचा थांबतो.

कायद्याचं थोडक्यात सांगते, माझ्यानंतर वकीलसाहेब आहेतच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. त्याच्या कलम 7 प्रमाणे छळाची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं, शेजारीसुद्धा. तालुक्याला ते म्हणजे आपले तहसीलदार. कलम 92 मध्ये 6 महिने ते 5 वर्षं शिक्षा आहे, आणि त्यात काय काय येतं तेही बघा : चारचौघांत मुद्दाम अपमान करणं, व्हीलचेअर किंवा कानाचं मशीन वापरू न देणं, सांभाळणाऱ्याने जाणूनबुजून अन्नपाणी तोडणं. 'रात्री अंथरूण ओलं करतो' म्हणून संध्याकाळी 5 नंतर पाणी बंद करणारी घरं मला माहीत आहेत. ती माणसं दुष्ट नाहीत, दमलेली आहेत. पण घसा कोरडा पडतो तो मुलाचा.

लैंगिक गुन्हा असेल तर पोलिसांनी जबाब घरी किंवा सोयीच्या जागी घ्यायचा, दुभाषा किंवा विशेष शिक्षक सोबत ठेवायचा, आणि त्याचं चित्रीकरण करायचं. हे आपण मागायचं, आपणहून मिळेल म्हणून बसायचं नाही. 'हिचं कोण खरं मानणार?' असं तर म्हणूच नका. आंध्रातल्या एका प्रकरणात जन्मांध तरुणीने आरोपीला आवाजावरून ओळखलं होतं. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम ठेवली आणि बजावलं की दिव्यांग आहे म्हणून साक्ष कमी प्रतीची ठरत नाही. आरोपी कोण होता? तिच्या भावांचा मित्र. आपण मात्र मुलांना अनोळखी माणसाची भीती घालत बसतो.

घरी काय कराल? हात लावायच्या आधी सांगा आणि थांबा. 'आता शर्ट काढते हं,' आणि मनात 10 मोजा. 14 वर्षांच्या मुलाला दार उघडं टाकून अंघोळ घालू नका, त्याला कळत नसलं तरी. अवयवांना नावं द्या, घरात चालतात ती द्या, पण द्या.

त्या मुलीसाठी आम्ही नवा तक्ता केला. 'नको' लाल, मोठं, उजव्या कोपऱ्यात, कारण तिचा हात तिकडे नीट पोचतो. 2 महिने तिने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. का पाहील? तिच्या नकोला उभ्या जन्मात कुणी किंमत दिली होती? मग एका सकाळी तिची वेणी सुटली होती, मी घालायला गेले. तिने लाल चित्रावर बोट ठेवलं. मी "अरे वा!" म्हणाले, टाळ्या वाजवल्या आणि सवयीने कंगवा केसांत घातलाच. तिने पुन्हा बोट ठेवलं, या खेपेला पुठ्ठा वाजेल इतक्या जोरात. मग मी कंगवा खाली ठेवला. त्या दिवशी ती शाळाभर झिपऱ्या सोडून फिरली.