पुंगळीतली काजळी आणि मीडियाची निवड

पडद्यावर दिसणारी काडतुसाची ही पितळी पुंगळी लांबीच्या दिशेने मधोमध कापलेली आहे. एकदा झाडलेल्या काडतुसाच्या बाहेरच्या अंगावर धुराचा करडा पट्टा आणि हाताळल्याने पडलेले काळपट डाग दिसतात, पण तो मळाचा लहानसा हिस्सा आहे. मानेच्या आतल्या बाजूला काजळीचे पातळ, कोरडे पूट बसलेले आहे, पोटात जळालेल्या दारूची राख आहे आणि बुडाशी, जिथे प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, बसतो त्या खोबणीत, राखाडी-काळा थर इतका घट्ट चिकटलेला आहे की नखाने खरवडूनही तो निघत नाही. हे तीन मळ तीन स्वभावांचे आहेत, आणि टम्बलरमध्ये, म्हणजे पुंगळ्या घुसळून साफ करणाऱ्या यंत्रात, पुंगळ्यांच्या सोबतीला काय टाकायचे, म्हणजेच कोणता मीडिया निवडायचा, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

पुंगळी साफ करायची ती पुन्हा भरण्यासाठी, अर्थात जिथे कायदा आणि परवाना त्याची मुभा देतो तिथेच. पुनर्भरणात पुंगळी पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून मूळ मापावर आणली जाते. तिच्या अंगावर वाळूचा एक कण जरी राहिला, तरी तो डायच्या गुळगुळीत भिंतीवर ओरखडा उमटवतो आणि पुढे त्या डायमधून जाणाऱ्या प्रत्येक पुंगळीवर तोच ओरखडा उमटत राहतो. शिवाय बुडाजवळची बारीक चीर किंवा मानेवरचा तडा काजळीखाली झाकलेला असेल, तर तो डोळ्यांना दिसत नाही. कणरहित अंग आणि नीट तपासता येईल असा पृष्ठभाग, एवढी स्वच्छता सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. आरशासारखी लकाकी मिळाली तर डोळ्यांना आनंद होतो, पण नेम तिच्यामुळे सुधारत नाही. मीडियाची निवड करताना बहुतेकांची गल्लत इथे होते: ते लकाकी पाहून निवडतात, मळ पाहून निवडत नाहीत.

कोरड्या पद्धतीत दोन भरडी प्रामुख्याने वापरल्या जातात. पहिली अक्रोडाच्या कवचाची. तिचे कण कठीण आणि कोनदार असतात, त्यामुळे जुनी काजळी आणि काळवंडलेला थर ती जोमाने खरवडते, मात्र मागे एक मंद, मातकट झाक ठेवते. दुसरी भरड मक्याच्या कणसाची. दाणे काढून घेतल्यावर कणसाचा जो कठीण, लाकडासारखा भाग उरतो, तो दळून ती तयार होते. ती अक्रोडापेक्षा सौम्य असते, तेल आणि ओलावा शोषून घेते आणि पितळाला उजळ झिलई देते. डायमध्ये दाबण्यापूर्वी पुंगळीला लावलेले वंगण काढण्यासाठी माझ्या मते मक्याच्या भरडीइतके सोयीचे दुसरे काहीही नाही. फार मळलेल्या पुंगळ्या आधी अक्रोडात आणि मग मक्यात फिरवण्याची पद्धत म्हणूनच रूढ झालेली आहे. पहिल्या फेरीला साधारण दोन ते चार तास लागतात, तर दुसरीला तास-दोन तास पुरतात.

भरडीचा प्रकार जितका महत्त्वाचा, तितकीच तिची जाडीही महत्त्वाची, आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. आता कॅमेरा पुंगळीच्या बुडाजवळ नेऊ या. प्रायमरच्या खोबणीच्या मध्यभागी दिसणारे हे छिद्र जेमतेम २ मिलिमीटर व्यासाचे आहे. प्रायमरची ठिणगी याच वाटेने दारूपर्यंत पोहोचते. भरडीच्या पिशवीवर १४/२० असा आकडा असेल, तर तिचे कण सुमारे ०.८ ते १.४ मिलिमीटरचे असतात, आणि असे दोन कण या छिद्रात एकमेकांना अडून बसू शकतात. २०/४० आकड्याच्या भरडीचे कण सुमारे ०.४ ते ०.८ मिलिमीटरचे असल्यामुळे ते सहसा सुटून बाहेर पडतात, आणि मानेच्या आतही अधिक चांगले पोहोचतात. यावर सरळ उपाय असा की, जाड भरड वापरायची असेल तर जुना प्रायमर न काढताच पुंगळ्या फिरवाव्यात. खोबण मात्र तेव्हा मळकीच राहते, आणि ती नंतर हाताने, छोट्या ब्रशने, साफ करावी लागते.

भरडीत पॉलिश घालायचे असल्यास पुंगळ्या टाकण्यापूर्वी ते भरडीत घालून टम्बलर दहा-पंधरा मिनिटे पुंगळ्यांशिवायच चालवावा, नाहीतर पॉलिशचे गोळे होतात आणि ते पुंगळ्यांच्या आत जाऊन बसतात. त्याहून महत्त्वाची काळजी ही की पॉलिशमध्ये अमोनिया नसावा. काडतुसाच्या पितळात ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते, आणि ताण असलेल्या अशा पितळाला अमोनिया तडे पाडतो. या दोषाचा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकात भारतातील ब्रिटिश सैन्याने पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना आपोआप चिरा जात असल्याचे आढळले. घोड्यांच्या मूत्रातून हवेत मिसळणारा अमोनिया आणि पुंगळी ओढून घडवताना पितळात उरलेला ताण, या दोहोंच्या संयोगाने हे घडते, असा उलगडा १९२१ मध्ये झाला. दिवाणखान्यातली पितळी वस्तू चमकवणारे द्रावण पुंगळीसाठी का वर्ज्य मानावे, याचे उत्तर त्या पागांमध्ये आहे.

कोरड्या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष म्हणजे धूळ. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचे संयुग असते. ते जळाल्यावर उरलेले शिसे काजळीबरोबर भरडीत उतरते, आणि झाकण उघडून पुंगळ्या चाळताना धुळीच्या रूपाने हवेत उडते. हे शिसे श्वासावाटे आणि हाताला लागून तोंडावाटे शरीरात जाते, आणि लहान मुलांच्या बाबतीत त्याचे परिणाम विशेष गंभीर असतात. म्हणून टम्बलर राहत्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात कधीही चालवू नये, चाळण्याचे काम मोकळ्या हवेत, मास्क आणि हातमोजे घालून करावे, आणि नंतर हात साबणाने नीट धुवावेत. भरडीत कागदी रुमालाच्या किंचित ओलसर पट्ट्या टाकल्या तर बरीच धूळ त्यांना चिकटते. त्या पट्ट्या बाहेर काढल्यावर किती काळ्या झालेल्या असतात, हे एकदा पाहिले की या काळजीबद्दल वेगळे सांगावे लागत नाही. भरड करडी-काळी पडून हाताला ओशट लागू लागली, की ती टाकून द्यावी.

ओल्या पद्धतीत ही धूळ उडत नाही. फिरत्या डब्यात पाणी, थोडा भांड्यांचा साबण, चिमूटभर सायट्रिक आम्ल आणि स्टेनलेस स्टीलच्या बारीक पिना घातल्या जातात. मध्यम आकाराच्या डब्यासाठी सव्वादोन किलो पिना, सुमारे ९०० ग्रॅम पुंगळ्या आणि पावणेचार लिटरच्या आसपास पाणी, हे प्रमाण चांगले चालते. रूढ पिना सुमारे १.२ मिलिमीटर जाड आणि साडेसहा मिलिमीटर लांब असतात. जुना प्रायमर आधी काढलेला असेल, तर त्या खोबणीच्या कोपऱ्यापर्यंत शिरतात आणि जो थर नखाला दाद देत नव्हता, तोही निघून येतो. आतून-बाहेरून नव्यासारखी पुंगळी हवी असेल, तर या पद्धतीला तोड नाही. पिना झिजत नाहीत, त्यामुळे एकदा घेतल्या की वर्षानुवर्षे पुरतात.

तरीही या पद्धतीची स्वतःची किंमत आहे. आम्ल जास्त झाले किंवा पुंगळ्या त्यात फार वेळ राहिल्या, तर पितळातील जस्त पृष्ठभागावरून निघून जाते आणि पुंगळी गुलाबी दिसू लागते. गरजेपेक्षा जास्त तास फिरवल्यास पुंगळ्या एकमेकींवर आपटून त्यांच्या तोंडाची कड ठोकल्यासारखी बोथट होते. मानेच्या आतली काजळी पूर्णपणे गेली की उघडे पितळ गोळीला अधिक घट्ट धरते, कारण ती पातळ काजळी एक प्रकारचे वंगणच असते. अचूक नेमबाजी करणारे काही जण याच कारणासाठी मुद्दाम कोरड्या भरडीकडे वळतात, आणि त्यांचे म्हणणे मला पटते. काळे पडलेले पाणीही शिसेयुक्त असते, म्हणून ते स्वयंपाकघरातल्या मोरीत ओतू नये.

वाळवणे हा ओल्या पद्धतीचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत टाळला जाणारा भाग आहे. पुंगळी बाहेरून कोरडी दिसली तरी खोबणीत पाण्याचा थेंब लपून राहू शकतो, आणि तो नव्या प्रायमरचे किंवा दारूचे काम बिघडवतो. उष्णता देऊन वाळवताना तापमान १०० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावे. पुंगळ्या ज्योतीवर तर मुळीच धरू नयेत, कारण २५० अंशांच्या पुढे पितळ मऊ पडू लागते, आणि झाडताना ज्या बुडाला सगळा दाब पेलायचा असतो, ते मऊ झालेले बूड घातक ठरते.

मग निवड कशी करावी? थोडक्या झाडलेल्या, फारशा न मळलेल्या पुंगळ्यांसाठी मक्याची बारीक भरड पुरेशी असते. जमिनीवरून वेचलेल्या, जुन्या, काळवंडलेल्या पुंगळ्यांसाठी अक्रोडापासून सुरुवात करावी. खोबण स्वच्छ हवी असेल आणि वाळवायला वेळ असेल, तर पिना घ्याव्यात. मात्र ५.५६ मिलिमीटर गोळीच्या पुंगळ्यांसाठी एक सावधगिरी आहे: साडेसहा मिलिमीटर लांबीची पिन त्यांच्या अरुंद मानेत तिरकी अडकून बसू शकते, त्यामुळे तिथे याहून आखूड पिना किंवा स्टीलच्या बारीक कपच्या अधिक सुरक्षित असतात. कोणत्याही पद्धतीत टम्बलर भरण्यापूर्वी ढिगात चुकून एखादे जिवंत काडतूस राहिलेले नाही ना, हे पाहणे अनिवार्य आहे.

आता पडद्यावर पुन्हा एक पुंगळी आहे, या वेळी अखंड, धुतलेली आणि वाळवलेली. हात ती दिव्यासमोर धरतो, आधी मानेतून आत पाहतो, मग उलटी करून बुडाकडून. खोबणीतल्या छिद्रातून प्रकाशाचा गोल ठिपका स्वच्छ दिसतो, आणि ती पुंगळी उजवीकडच्या खोक्यात जाते. पुढच्या पुंगळीत तो ठिपका अर्धाच दिसतो. हात एक बारीक सुई उचलतो, भरडीचा कण ढकलून बाहेर काढतो, आणि पुंगळी पुन्हा दिव्यासमोर येते.