फोडी मोजून, रस्सा न मोजता

नमस्कार. माईक जरा लांबच धरते, बाजारात कोळणींशी घासाघीस करून करून आवाज असाच झालाय माझा. विषय दिलाय स्वस्तात नॉनव्हेज घरच्या घरी, आणि मला सांगितलं गेलं की समोर बहुतेक नवीन नोकरीवाली मुलंमुली असतील, भाड्याची खोली, एक शेगडी, एक कुकर, आणि वीस तारखेनंतर बाहेरून मागवायला खिशात काही नाही. म्हटलं मग जाऊया, हे तर माझं बालपणच आहे.

माझी आई लालबागला चाळीतल्या खोलीत खानावळ चालवायची. गिरणीतले १६ जण जेवायला, बरेचसे आमच्या मालवण-कणकवलीकडचे, दोनचार घाटावरचे, जो जेवायला आला नाही त्याचा त्या दिवसाचा खाडा धरायचा आणि महिन्याच्या शेवटी हिशोब. तेव्हा गिरणगावात अशा खानावळवाल्या बाया घराघरात होत्या, १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तोवर सगळा कारभार वाण्याच्या उधारीवर आणि सावकारावर. तर रविवारी मटण असायचं. १६ मेंबर आणि घरचे आम्ही ५, म्हणजे २१ माणसं, आणि मटण यायचं २ किलो. करा हिशोब, माणशी १०० ग्रॅमसुद्धा नाही. पण कोणी अर्धपोटी उठलं असं मी बघितलेलं नाही. मी वाढायला बसले की आई मागून सांगायची, “फोडी मोजून घाल गो, रस्सो मोजूक नको.”

आता तुम्ही काय करता? व्हिडिओ बघता, त्यात तो माणूस अर्धा किलो बोनलेस घेतो, क्रीम घालतो, काजू घालतो, बटर घालतो, आणि ते दोघांत संपतं. मग म्हणता नॉनव्हेज परवडत नाही. अरे मटण महाग आहे हे मान्य, पण त्याच्याहून महाग हॉटेलची नक्कल आहे. आपल्याकडे रस्सा ही चीज का आली असेल? मटण कमी आणि ताटं जास्त, म्हणून.

तर पहिला रस्साच सांगते, नीट सांगते, बाकीचं मग भराभर उरकू. अर्धा किलो मटण, पाच-सहा जणांना. खाटकाला सांगायचं मिक्स दे, मान, सीना, एखादी नळी, आणि थोडी चरबी वेगळी बांध. नुसत्या रानाच्या मऊ फोडी मागू नका, रस्सा त्याने होत नाही. नळी आणि सांध्याजवळचं जे चिवट असतं त्यातलं कोलॅजन सावकाश शिजून जिलेटिन होतं, म्हणून तर दुसऱ्या दिवशी फ्रीजमधला रस्सा जेलीसारखा थरथरतो, ती चव बोनलेसला कुठून येणार. आधी चरबी बारीक कापून पातेल्यात वितळवायची, तेल वाचलं. त्यात एक कांदा, मग मटण, हळद, मीठ, आलं-लसणाचं वाटण, आणि परतत राहायचं जोवर मटणाचं स्वतःचं पाणी सुटून आटत नाही. इथे घाई करायची नाही, दहा मिनिटं जातात, जाऊ देत.

आई पातेल्यावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओतायची. खाली मटण वाफेवर, वर पाणी तापतंय, आणि लागेल तसं तेच गरम पाणी आत. एका शेगडीवर दोन कामं. तुमच्याकडे कुकर आहे तर कुकर लावा, पाच-सहा शिट्ट्या आणि मग मंद आचेवर दहा मिनिटं. झाकण उघडलं की आधी एक वाटी अळणी पाणी बाजूला काढा, नुसतं मीठ-हळदीचं, वरून मिरपूड घालून पिऊन टाका, तो शिजवणाऱ्याचा पगार.

वाटण म्हणजे दोन कांदे उभे चिरून तव्यावर काळपट होईस्तोवर भाजायचे, अर्धी वाटी सुकं खोबरं, लसूण, कोथिंबीर, आणि दोन चमचे डाळं, चिवड्यातलं असतं ना तेच, भाजलेलं. खोबरं आता काय भावाने मिळतं बघताय ना, म्हणून डाळं, रस्सा दाट होतो आणि चवीला कुणाला कळत नाही. मसाला घरचा असेल तो, मालवणी, कांदा-लसूण, काही चालेल. वाटण वेगळं परतायचं, कडेने तेल सुटलं की मटण पाण्यासकट त्यात, वर आणखी गरम पाणी, दीड लिटरपर्यंत आरामात जातं, आणि उकळी. बटाटे घालायची लाज वाटते का कुणाला? घाला. दोन बटाटे म्हणजे दोन माणसं जास्तीची, आणि रश्शातला बटाटा फोडीच्या आधी संपतो, बघा अनुभव घेऊन. उरलेल्या रश्शात दुसऱ्या दिवशी उकडलेली अंडी, म्हणजे सोमवारसुद्धा निघाला.

चिकनबद्दल फार बोलत नाही, तुम्हाला सगळ्यांना येतं. फक्त एवढंच की ब्रॉयलर चिकन कुकरला लावू नका, झाकून पंधरा-वीस मिनिटांत होतं, फोडीतून गुलाबी पाणी यायचं बंद झालं पाहिजे, गावठी असेल तर गोष्ट वेगळी, तिला वेळ लागतो. नळाखाली धो धो धुऊ नका, ते शिंतोडे अख्ख्या ओट्यावर उडतात आणि शेजारी तुमची चिरलेली काकडी. आणि कलेजी-पेटा घ्या हो, पेटा म्हणजे कोंबडीच्या पोटातली ती चिवट पिशवी, इतकं स्वस्त असतं आणि लोकं नाक मुरडतात. पेटा चिवट असतो, तो आधी कुकरला चार शिट्ट्या, मग कांदा-मिरीवर सुका परतायचा आणि कलेजी अगदी शेवटी, पाच-सहा मिनिटं बस, जास्त शिजली की खडूसारखी होते. भाव म्हणाल तर गटारीच्या आधी चढतो आणि श्रावणात उतरतो, ज्यांच्याकडे श्रावण पाळत नाहीत त्यांनी तेव्हा घेऊन फ्रीझरला टाकावं, पण अर्धा-अर्धा किलोच्या चपट्या पिशव्या करून, म्हणजे लागेल तेवढंच बाहेर निघतं. एकदा वितळलेलं कच्चं मांस परत गोठवायचं नाही, आणि वितळवायचं ते ओट्यावर नाही, आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात.

आता मासे, म्हणजे माझा खरा विषय. कोकणातल्या माणसाला आधी विचारा किती मासे ओळखतोस, नुसतं पापलेट-सुरमई म्हणाला तर तो हॉटेलात वाढलाय. २०२३ साली आपल्या सरकारनं पापलेटला राज्यमासा केला, का, तर तो कमी होत चाललाय, पिल्लंच पकडून विकतात. तळहाताएवढं पापलेट स्वस्तात मिळालं म्हणून घरी आणू नका बाबांनो, ते मोठं झालं असतं तर अंडी घातली असती. त्यापेक्षा मांदेली, बोंबील, तारली, पेडवे, बांगडा. वाट्यावर मिळतात, कोळीण पाटीत वाटे लावून बसलेली असते, एक वाटा घेतला की दोघांचं जेवण. मांदेली तर काट्यासकट खायची, कुरकुरीत तळली की काटा जाणवतच नाही, कॅल्शियम फुकट. तारली-बांगड्यात ते ओमेगा-३ भरपूर, ज्याच्या गोळ्या तुमचे जिमवाले विकतात.

पण बांगड्याची एक गोष्ट सांगायलाच हवी, माझी स्वतःची फजिती. लग्नानंतर नवीन नवीन, मे महिना, दुपारी दीड-दोनला बाजार उठता उठता बांगडे अगदी पडत्या भावात मिळाले, मी खूश. बर्फ नाही, कापडी पिशवी, लोकलने तासभर, मग घरी शेजारीण भेटली, गप्पा, पिशवी ओट्यावर. संध्याकाळी आमटी केली, सगळे जेवले, आणि अर्ध्या तासात सासरे लालबुंद, नवऱ्याची जीभ चुरचुरतेय, मला डोकेदुखी आणि अंगावर गांधी. सासूबाईंना वाटलं मसाल्यात काही पडलं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं की बांगडा, तारली, कुपा असले मासे गरम जागी पडून राहिले की त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते कितीही उकळा, तळा, जात नाही. वासही दर वेळी येत नाही. दोन तासांत बरे झालो, पण सासूबाई पुढची दहा वर्षं बांगडा म्हटलं की माझ्याकडे बघायच्या. म्हणून स्वस्तात मिळतोय म्हणून दुपारचा बांगडा घेऊ नका. कल्ला उघडून बघायचा, लाल हवा, डोळा फुगीर, बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये, कोळीण ओरडली तर ओरडू दे. आणि सरळ बर्फ मागून घ्या, घरी पोचलात की आधी फ्रीज, मग शेजारीण.

बांगड्याचं तिखलं एकदा करून बघा, वीस मिनिटांत होतं, कांदासुद्धा चिरायचा नाही. दोघांना तीन बांगडे, कापून, मीठ-हळद लावून. सात-आठ सुक्या मिरच्या गरम पाण्यात भिजवायच्या, बेडगी असेल तर रंग छान येतो, एक चमचा धणे, मूठभर ओलं खोबरं, चिमूटभर हळद, गुळगुळीत वाटून घ्यायचं. ते पातेल्यात थोड्या पाण्याबरोबर उकळायला ठेवायचं, त्यात चार आमसुलं. आमसूल नुसतं आंबटपणासाठी नाही, माशाला जो उग्र वास येतो तो आंबटाने दबतो, लिंबू पिळतो आपण ते त्याचसाठी. उकळी आली की बांगडे, आणि सात-आठ तिरफळं, पण त्यातली काळी बी काढून टाकायची आणि साल नुसती ठेचायची, वाटणात वाटली तर कडू होतं सगळं. पाच-सात मिनिटं. चमचा घालून ढवळायचं नाही, पातेलं दोन्ही कानांना फडक्याने धरून हलवायचं, नाहीतर बांगड्याचा भुगा. गॅस बंद करून वरून एक चमचा कच्चं खोबरेल, झाकण, आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. भात गरम पाहिजे एवढीच अट. तिरफळ जिभेवर कसं झिणझिणतं ते सांगून कळत नाही.

कोळंबी महाग असते, पण डोकी टाकून देऊ नका. तेलावर लाल होईपर्यंत परता, दोन पेले पाणी, दहा मिनिटं उकळा, गाळून घ्या, आमटीत तेच पाणी. पाव किलो कोळंबीची आमटी अर्ध्या किलोसारखी लागते.

मग येतो पावसाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, मासे अंडी घालतात तेव्हा, त्यामुळे ताजं मिळतं ते महाग किंवा बर्फातलं. म्हणून आमच्याकडे मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाआधीची खरेदी असायची, सुके बोंबील, सोडे, जवळा, खारा बांगडा, पुन्हा गच्चीवर कडकडीत ऊन दाखवून डब्यात. सुक्या मासळीतलं पाणी गेलेलं असतं, त्यामुळे वजनाच्या मानाने प्रोटीन ताज्याच्या कितीतरी जास्त. मूठभर जवळा कोरडा भाजून, चाळून रेती काढायची, मग पटकन धुऊन, भरपूर कांदा, मिरची, एक आमसूल, झालं, भाकरीबरोबर दोन माणसं गप्प. शेजारी वासावरून कटकट करतील. माझे अजून करतात. मी एक वाटी पाठवून देते, दोघे गप्प झालेत, तिसरे शुद्ध शाकाहारी आहेत, त्यांचं काही करता येत नाही.

१९८२ च्या जानेवारीत संप झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले. आमचे १६ चे ९ झाले, मग ५, बाकीचे गावाला गेले, जे राहिले त्यांच्याकडेही द्यायला पैसे नव्हते. मी शाळेत होते. रविवारचं मटण थांबलं. पण आई रविवारी वाटण करायचीच, तेच भाजलेलं कांदा-खोबरं, तोच मसाला, आणि आत सुकट आणि वांगं. सगळ्या चाळीत वास मटणाचाच. एक मामा होते कुडाळचे, ते जेवायला बसले की दर रविवारी मुद्दाम विचारायचे, “आज फोडी किती गो?” आई म्हणायची, “मोजूक नाय.”

बरं, प्रश्न विचारा आता. हो, तुम्ही, मागे. बोंबील तळताना तव्यावर पाणी सुटतं आणि लगदा होतो? होणारच, त्याच्या अंगात पाणीच जास्त. मधून चिरून उघडायचा, काटा काढायचा, मीठ लावून दोन ताटांच्या मध्ये ठेवायचा आणि वर वजन, अर्धा तास तरी, ताट जरा कलतं ठेवायचं म्हणजे पाणी निथळतं. मग मसाला, मग तांदळाचं पीठ आणि रवा, आणि तवा चांगला तापलेला. वजनाला पाटा-वरवंटा तुमच्याकडे कुठला असणार. कुकर आहे ना? पाण्याने भरा आणि ठेवा वर.