खाडा

[पहाटेचा अंधार. कोप्यांची रांग. एकेक चूल पेटते.]

पहाटेचे चार वाजलेत. पंचगंगेच्या काठावर धुकं उतरलंय. बीड जिल्ह्यातून, तीनशेहून जास्त किलोमीटरवरून आलेली ही ऊसतोड मजुरांची टोळी अर्ध्या तासात उसाच्या फडाकडे निघेल.

ही कोपी आतून बघा. बांबू, वर ताडपत्री, खाली पाचट. मेढीला एक कापडी पिशवी अडकवलीय. तिच्यात फणी, आधार कार्ड, लेकराचा दाखला आणि गोळ्यांचं पाकीट.

या कोपीतल्या ताईंनी नाव सांगू नका म्हटलं, म्हणून सांगत नाही. चेहराही दाखवणार नाही. हात दाखवा म्हणाल्या.

अनशापोटी क्षयाच्या तीन गोळ्या. सप्टेंबरात वजन भरलं 44 किलो, आणि त्या वजनाला रोज तीन. पहिले दोन महिने एकेका गोळीत चार औषधं होती. आता तीन आहेत: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, इथाम्ब्युटॉल. पाण्याचा घोट. मळमळ दाबायला लगेच चुलीपाशी बसणं. मग हे बघा, खिळा घेऊन पाण्याच्या निळ्या पिंपावर एक रेघ.

[पिंपाचं जवळून दृश्य. रेघांवरून हळू फिरणारा कॅमेरा.]

हे पिंप गावाहूनच आलंय. भांडी, लेकरू, शेळी आणि पिंप, सगळं एकाच ट्रॅक्टरमधून. पहिली रेघ गावात ओढली, आजची 97वी. साध्या क्षयरोगाच्या उपचारात अशा 168 रेघा लागतात. मधेमधे टिंबं दिसताहेत ना? ज्या दिवशी गोळी घेतली नाही, त्या दिवशी टिंब. एकूण सात. चुकलेला दिवस शेवटी भरून काढायचा असतो, म्हणून टिंबांचाही हिशोब ठेवावा लागतो. असा ठेव म्हणून त्यांना कुणी शिकवलेलं नाही. मुकादमाची हजेरीची वही त्यांनी पाहिलीय, एवढंच.

[मुकादमाची वही. रकाने, फुल्या.]

उसाच्या फडात 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघं मिळून एक कोयता. हंगामाआधी जोडीनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची आणि पाच-सहा महिने ती फेडत राहायची. 2024च्या जानेवारीत ठरलेला तोडणीचा दर टनाला 366 रुपये. एक जोडी दिवसाला दोन टनांच्या आसपास तोडते. आणि एक दिवस कामावर गेलं नाही, तर तो खाडा. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर पाचशे ते हजार रुपये उचलीत चढतात. ताप आला तरी खाडा. दवाखान्यात गेलं तरी खाडाच.

दवाखान्याची वेळ सकाळची. फडाचीही तीच.

गोळ्या बुडवणाऱ्या रोग्याला आपल्याकडे वर्षानुवर्षं 'डिफॉल्टर' म्हणत. कर्ज थकवणाऱ्याला लावतात तोच शब्द. जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 साली तो आपल्या व्याख्यांमधून काढला. बोलण्यातून तो अजून गेलेला नाही. या फिल्मसाठी फिरताना आम्ही तो कितीदा तरी ऐकला, आणि दर वेळी हे पिंप आठवलं.

पहिली दोन टिंबं बघा. पाचवा आणि सहावा दिवस. लघवी लाल-केशरी झाली. अंगातलं रक्त चाललंय असं वाटून ताईंनी गोळ्या बंद केल्या, घरात कुणाला बोलल्याही नाहीत. रिफाम्पिसिनचा रंगच तसा आहे. लघवीला उतरतो, घामाला उतरतो, डोळ्यांतल्या पाण्यालाही उतरतो, आणि त्यानं काही बिघडत नाही. गोळी हातात देताना हे एक वाक्य कुणी सांगितलं असतं, तर ही दोन टिंबं पिंपावर नसती. दोन दिवसांनी गावातल्या आशा स्वयंसेविका घरी आल्या, त्यांनी सांगितलं, आणि सातव्या दिवशी पुन्हा रेघ.

[प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शक. निळ्यावर गुलाबी काड्या.]

ही प्राथमिक आरोग्य केंद्राची प्रयोगशाळा. थुंकीच्या काचपट्टीवर निळ्या रंगात या गुलाबी काड्या दिसतात, ते क्षयाचे जंतू. रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये जगाला सांगितले, तेच हे. यांना जरा वेळ बघू, कारण सहा महिने कशाला, या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे.

हा जंतू संथ आहे. आपल्या आतड्यातला साधा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो. याला पंधरा ते वीस तास लागतात. औषध सुरू झालं की भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही दिवसांतच मरतात. ताप उतरतो. भूक लागते. दोन-तीन आठवड्यांत खोकला कमी होतो आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. पण काही जंतू जवळजवळ निजल्यासारखे पडून असतात, आणि निजलेल्या जंतूवर औषध नीट चालत नाही. तो अधूनमधून हलतो, तेव्हाच त्याला गाठायचं. त्यासाठी औषध रोज अंगात असावं लागतं. उरलेले महिने असतात ते यांच्यासाठी.

आणि एकाऐवजी चार औषधं का? कोट्यवधी जंतूंत एखादा जन्मतःच एका औषधाला दाद देत नाही. साधारण दहा लाखांत एक आयसोनियाझिडला पुरून उरतो, दहा कोटींत एक रिफाम्पिसिनला. दोन्हींना एकदम पुरून उरणारा जवळजवळ सापडतच नाही. म्हणून औषधं जोडीनं द्यायची. 1940च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन एकटंच देऊन पाहिलं होतं. रोगी आधी सुधारले, मग त्यांच्यातल्या अनेकांवर तेच औषध चालेनासं झालं.

म्हणजे गोळी खरी लागते बरं वाटायला लागल्यानंतर. ज्याच्या डोक्यावर उचल आहे, रोज दोन टन ऊस आहे, त्याला आपण हे सांगत असतो.

[वानलेसवाडी. जुन्या इमारतीचे दगडी खांब, व्हरांडा.]

इथून जवळच, मिरजेशेजारी वानलेसवाडी. डॉक्टर विल्यम वानलेस यांच्या नावाची वस्ती. इथल्या क्षयरोग्यांच्या सॅनिटोरियमसारख्या जागी पूर्वी माणसं महिनोन् महिने राहायची. मोकळी हवा, दूध-अंडी, अंथरुणावर विश्रांती. खाटा थोड्या, रोगी लाखोंनी.

1956मध्ये मद्रासला एक केंद्र सुरू झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून काढलेलं. प्रश्न साधा होता. गरीब माणसाला त्याच्या घरीच गोळ्या दिल्या तर? रोग्यांचे दोन गट केले. एक सॅनिटोरियममध्ये, एक घरी. घरच्यांना खोली दाटीची, जेवण अपुरं, विश्रांती कमी. 1959मध्ये निष्कर्ष छापून आले: वर्षभराच्या उपचारानंतर दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले. त्यानंतर जगभर सॅनिटोरियमं बंद होत गेली.

त्याच केंद्रात आणखी एक गोष्ट दिसली. न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजल्या, लघवी तपासली, तेव्हा काही जण गोळ्या घेत नव्हते. आणि कोण घेईल, कोण घेणार नाही, हे आधी ओळखता येत नव्हतं. शिकलेला, अडाणी, बाई, पुरुष, काही नाही. यातून पुढे गोळी डोळ्यांसमोर गिळायला लावायची पद्धत आली. भारतात 1997पासून ती 'डॉट्स' नावानं राबवली गेली आणि 2006पर्यंत सगळ्या देशात पोचली. आठवड्यातून तीनदा केंद्रावर यायचं. प्रत्येक रोग्याच्या नावाचा एक डबा असायचा, नव्या रोग्याचा लाल, आणि त्यात पूर्ण उपचाराची औषधं. तो डबा मला आजही मोलाचा वाटतो. दुसऱ्या कुणाला त्याला हात लावता येत नसे. 2017पासून गोळी रोजची झाली.

मद्रासनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. औषध घरी पोचलं तर गरिबाच्या घरातही रोग बरा होतो, ही पहिली. माणसाला सोबत लागते, ही दुसरी. दुसरीतून आपण पहारा तेवढा उचलला. पहिलीतलं 'घर' मात्र एकाच जागी राहणारं धरलं.

[पुन्हा पिंप. सलग चार टिंबं.]

ही चार टिंबं बघा. दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हाची. गावातलं पाकीट प्रवासात संपलं. इथल्या केंद्रात गेल्यावर नाव गावाकडं आहे असं कळलं. निक्षय या सरकारी संगणक नोंदीत रोगी एका केंद्रातून दुसरीकडं पाठवता येतो. ती सोय आहे, काही मिनिटांचं काम आहे. इथं चार दिवस लागले. त्यातला एक ताईंनी दवाखान्यासाठी खाडा करून घालवला.

2024च्या मार्चमध्ये तर देशभरच गोळ्यांचा तुटवडा पडला, राज्यांनी आपापल्या पातळीवर खरेदी करावी असं केंद्र सरकारनं कळवलं. कित्येक रोगी रिकाम्या हातानं परत गेले. त्या दिवसांना कुणाच्या नावावर मांडायचं?

[मोटरसायकल. पाचटातून जाणारी वाट. पाठीवर बॅग.]

हे वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक. एसटीएस म्हणतात यांना. गाडीवर सगळा तालुका. डिसेंबरपासून ते या टोळीकडं संध्याकाळी येतात, सकाळी नाही. महिन्याची गोळी कोपीत आणून देतात. मुकादमाला आजार कळू नये म्हणून दुसऱ्या कोपीतल्या बाईच्या बाळाचं वजनही करतात. बघा, काटा बांबूला टांगलाय. त्यांना असं करा म्हणून कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नाही. त्यांनी यायला सुरुवात केल्यापासून पिंपावर एकच टिंब पडलंय.

त्या टिंबाबद्दल ताई बोलल्या नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

[फोन. गोळीच्या पाकिटामागचा आकडा.]

पाकिटामागं एक लपलेला आकडा असतो. गोळी काढली की तो दिसतो, त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे गोळी घेतल्याची नोंद होते. कल्पना चांगलीच आहे. पण या घरातला एकमेव फोन नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा रात्री भरलेल्या ट्रॅक्टरबरोबर कारखान्यावर. पिंपावर रेघ आहे, संगणकावर खाडा. पोषणाचे महिन्याला हजार रुपयेही खात्यावर येतात. खातं गावाकडच्या बँकेत आहे.

[पाठमोरा माणूस. मोळी डोक्यावर.]

शेजारच्या टोळीतल्या या दादांनी गेल्या हंगामात तिसऱ्या महिन्यात गोळ्या सोडल्या होत्या. आता जंतू रिफाम्पिसिनला दाद देत नाही, औषधं बदललीत.

[फड. उजाडतंय. कोयत्यांचा आवाज.]

साडेसहा. ताई फडात आहेत. सकाळची मळमळ आता ओसरलीय. उसाचं पातं लागू नये म्हणून अंगात नवऱ्याचा जुना शर्ट. वाढं कापून बाजूला, ऊस एका रांगेत, मग मोळी. बांधावर लेकरू शेळीच्या दोरीशी खेळतंय. त्याचीही तपासणी झालीय, त्याला आजार नाही.

आजच्या रेघेनंतर उरल्या 71. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, त्या पुऱ्या होतील. त्याआधी टोळी आणखी एकदा हलणार आहे, नदीपलीकडं, दुसऱ्या तालुक्यात. तिथल्या एसटीएसचा नंबर ताईंनी पिंपावरच कोरून घेतलाय. हा बघा, रेघांच्या खाली.

[पिंप. दहा आकडे. खिळा बाजूला ठेवलेला.]