‘लेट’ नेमकं कुणापुढे लावायचं?

मंडळी, सकाळी पेपर हातात आला की आपल्यातले बरेच जण आधी निधनवार्ता बघतात. गोव्यातल्या इंग्रजी पेपरांत तर फोटोंसकट रकानेच्या रकाने भरलेले असतात. तो मजकूर लिहितो कोण? घरातला ‘बरं इंग्रजी येणारा’ एखादा पुतण्या. घरी माणसं जमलेली, पेपरवाल्यांचा फोन सारखा वाजतोय, आणि हा लिहितोय. अशा वेळी स्पेलिंग चुकलं तर मी काही बोलणार नाही. पण आपला खरा घोटाळा संकोचामुळे होतो.

मराठीत वडीलधाऱ्यांना ‘मेले’ म्हणणं उद्धटपणाचं. म्हणून आपण वारले, गेले, देवाज्ञा झाली, असं म्हणतो. हाच संकोच घेऊन आपण इंग्रजी लिहायला बसतो आणि ‘डाइड’ लिहायला हात धजत नाही. इंग्रजीत त्या शब्दात काडीचा अपमान नाही. २०२२ साली राणी एलिझाबेथ गेल्या तेव्हा राजवाड्याच्या निवेदनात हाच शब्द होता. राणीला जो चालला, तो आपल्या आजोबांना चालेल की!

आपण मात्र लिहितो ‘एक्स्पायर्ड’. इस्पितळाच्या कागदांवर तो दिसतो, तिथूनच घरात शिरला असावा. पण इंग्रजी कानाला त्यात पासपोर्ट आणि औषधाची पट्टी ऐकू येते. ‘लेफ्ट फॉर हेवनली अबोड’ म्हणजे तर आपलं ‘स्वर्गवासी’च, इंग्रजी कपड्यांत. सौम्य शब्दच हवा असेल तर ‘पास्ड अवे’ घ्या; सांत्वनाच्या पत्रातही तो शोभतो. ‘डिसीझ्ड’ म्हणजे आपला ‘मयत’. कोर्टात, पोलिसांत ठीक, निधनाच्या पत्रिकेवर नको. आणि त्याचं स्पेलिंग दोनदा तपासा, नाहीतर ‘डिझीझ्ड’ होऊन मयत माणूस रोगट होतो.

आता ‘लेट’. हा आपण ‘कै.’सारखा वापरतो, आणि फसतो. ‘कै.’ शंभर वर्षांपूर्वी गेलेल्यालाही लावता येतं. ‘लेट’ मात्र अलीकडे गेलेल्या, लोकांच्या आठवणीतल्या माणसासाठी. शेक्सपिअरला कुणी ‘लेट’ म्हणत नाही. शिवाय जिवंतपणीच्या कामाशी तो जोडायचा नसतो. ‘लेट भाऊसाहेब बांदोडकर १९६३ मध्ये गोव्याचे मुख्यमंत्री झाले’ असं इंग्रजीत लिहिलं तर शपथ कुणी घेतली, असा प्रश्न पडेल. भाऊसाहेब गेले १९७३ साली. तिथे नुसतं नाव पुरे. तसंच ‘लेट अमुक एक्स्पायर्ड ऑन’ हेही नेहमी दिसतं. आधीच गेलेला माणूस पुन्हा कसा जाणार?

सगळ्यात जपायची ती त्याची जागा. ‘वाइफ ऑफ द लेट श्री अमुक’ म्हटलं की नवरा गेलेला आहे. ‘द लेट वाइफ ऑफ श्री अमुक’ म्हटलं की बायको. शब्द तेच, पण एक इकडून तिकडे सरकला की हयात माणूस कागदावर वारला! पेपरात हे झालं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती येते, चार लोक हसतात. खरेदीखतात किंवा इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याच्या, कागदांत झालं तर हसण्यावारी नेता येत नाही. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. एक गेला की अर्धा वाटा मागे राहिलेल्याचा, उरलेल्या अर्ध्याची वारसांत वाटणी. म्हणजे कोण गेलं आणि कोण आहे, यावरच सगळा हिशेब.

अशा कागदांत ‘लेट ऑफ म्हापसा’ असंही कधी भेटेल. म्हापसा शहर कुठे गेलेलं नाही. माणूस शेवटी तिथे राहत होता, एवढाच त्याचा अर्थ. सहीआधी ज्या ज्या ओळीत ‘लेट’ आहे, ती वकिलाकडून मराठीत किंवा कोंकणीत वदवून घ्या.