वाऱ्याच्या आधी पडलेले झाड

(दृश्य : पावसानंतरची सकाळ. रस्त्यावर आडवा झालेला वृक्ष, वर आलेली मुळे.)

मे महिन्यात बेळगावात वळीव कोसळला की टिळकवाडीपासून कॅम्पपर्यंत, म्हणजे लष्करी छावणीपर्यंत, कुठे ना कुठे झाड आडवे होते आणि बातमीत ‘वादळी वाऱ्याने झाड उन्मळून पडले’ एवढेच छापून येते. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. अशा झाडाच्या फांद्या बाजूला करण्याआधी त्याची मुळे पाहावीत. एका बाजूची मुळे सरळ रेषेत तुटलेली आणि त्यांची टोके काळी पडून कुजलेली असतील, तर तो घाव कालच्या रात्रीचा नाही. कधीतरी त्याच कडेने गेलेल्या गटाराच्या, जलवाहिनीच्या किंवा केबलच्या चराचा तो असण्याची शक्यता अधिक.

झाड जितके उंच तितके त्याचे मूळ खोल, ही समजूत शहरातील झाडांना फार महागात पडते. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो आणि घट्ट, खोल जमिनीत तो पुरेसा पोचत नाही. त्यामुळे मोठ्या वृक्षांचीही पाणी व क्षार शोषणारी बहुतेक मुळे वरच्या मीटरभर थरातच असतात आणि आडवी पसरत फांद्यांच्या घेराच्या पुष्कळ पलीकडे जातात. बेळगाव-खानापूरकडच्या जमिनीत जिथे जांभा थोड्याच खोलीवर लागतो, तिथे तर त्यांना खाली जाण्यास वावच उरत नाही. १८३२ साली कॅम्प वसला. तेथे बंगल्यांभोवती मोकळी जमीन राहिल्यामुळे वड, चिंच, जांभूळ यांना हातपाय पसरता आले. शहरातल्याच शहापूर-वडगावच्या गल्लीतील झाडाला तेवढीच भूक असते, पण त्याच्या वाट्याला येतो घराचा पाया आणि गटाराची भिंत यांच्यामधला चिंचोळा पट्टा.

(दृश्य : पदपथ, बुंध्याला भिडलेले पेव्हर ब्लॉक.)

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावची निवड झाली. रस्ते आणि पदपथ नवे करताना रोलर फिरतो, त्याने मातीच्या कणांमधली पोकळी दाबली जाते आणि हवा व पाणी या दोन्हींची वाट एकदमच बंद होते. वर पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडवले की उरलेसुरले पाणीही गटारात जाते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवती एक मीटर अंतरातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तो स्वागतार्ह होता, पण मीटरभर जागा म्हणजे किमानातले किमान. ब्रिटनमध्ये बांधकामाच्या वेळी झाड राखण्याचे जे मानक आहे, त्यात खोडाच्या व्यासाच्या बारा पट अंतरापर्यंतची जमीन मुळांची मानली जाते. साठ सेंटिमीटर व्यासाच्या खोडासाठी हे अंतर ७.२ मीटर भरते. आपल्या बहुतेक गल्ल्या तेवढ्या रुंदही नाहीत.

मुळे तोडल्यावर झाड लगेच मरत नाही, आणि तिथेच सगळ्यांची फसगत होते. खोडात आणि उरलेल्या मुळांत साठवलेल्या पिष्टावर ते काही वर्षे काढते. मग पाने लहान येऊ लागतात, शेंडा वाळतो, एकेक फांदी निष्पर्ण होते. चर खणणारा तोवर कधीच विसरला गेलेला असतो.

छाटणीची गोष्ट याहून वेगळी नाही. अ‍ॅलेक्स शायगो या अमेरिकन वनवैज्ञानिकाने हजारो झाडे चिरून दाखवले, की माणसाच्या कातडीसारखी झाडाची जखम भरून येत नाही. झाड जखमी भागाभोवती आडभिंती उभारून कूज आतच कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवत राहते. फांदी जिथे खोडाला मिळते, तिथल्या फुगीर कड्यालगत कापली तर हे काम सुकर होते. विजेच्या तारांसाठी फांदी मधूनच तोडली, तर खुंटाला फुटवे येतात. ते जोमदार दिसतात, पण त्यांची पकड वरवरची असते आणि पुढच्या वळिवात तेच आधी मोडतात. तारांच्या बाजूचा भार गेला आणि दुसऱ्या बाजूची मुळे चराने गेली, तर त्या झाडाला फार जोराच्या वाऱ्याचीही गरज नसते. (वटपौर्णिमेचा सुती दोरा वडाला काही करत नाही. फलकाची तार मात्र वाढत्या सालीत रुतते आणि पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे उतरू देत नाही.)

जुलैत झड लागते, तेव्हा वारा जवळजवळ नसतानाही झाडे पडतात. भिजून सैल झालेली माती तुटक्या मुळांना धरून ठेवू शकत नाही.

(दृश्य : दुपारी सावलीत थांबलेले फेरीवाले.)

पानांतून एक लिटर पाण्याची वाफ होते, तेव्हा साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता त्यात शोषली जाते. ओली जमीन आणि धडधाकट मुळे असतील, तरच हे गारव्याचे काम चालते. डांबराखाली तहानलेले झाड पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची वाफ सोडणारी सूक्ष्म छिद्रे, मिटून घेते आणि त्याच्याखाली उरते ती नुसती सावली.

यावर उपाय नाही असे नाही. मुळांच्या थराखालून, मीटरभराहून खोल, यंत्राने आडवे छिद्र पाडून पाईप ओढता येतो, आणि बुंध्याजवळच्या थोड्या अंतरात हाताने खणून जाड मुळांच्या खालून केबल काढता येते. कर्नाटकातील १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. चर खणणारा मात्र झाड तोडायला आलेला नसतो, म्हणून अर्जही करत नाही. तेव्हा रस्ता खोदण्याची परवानगी देतानाच कडेच्या झाडांची अंतरे नकाशावर मागवायला हवीत.