पंगत उठल्यावर पत्रावळी
(दादरला डेटाबेसवर काम करणाऱ्यांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, हार्बरवाले अजून कुर्ल्यालाच अडकलेत, त्यांची वाट न पाहता सुरू करतो.

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली मजकुराची फाइल. ती डेटाबेसमध्ये भरताना पार्सर, म्हणजे ती वाचून रकाने सोडवणारा कोड, काय करतो? ओळ उचलतो, रकाने वेगळे करतो, प्रत्येकाचा मजकूर तात्पुरता कुठेतरी ठेवतो आणि मग जागा मोकळी करतो. नवशिका माणूस प्रत्येक रकान्यासाठी सरळ मॅलॉक करतो, म्हणजे सी भाषेच्या नेहमीच्या फंक्शनने मेमरीत वेगळी जागा मागतो. आता या भागाचा पिनकोड घ्या, ४०००२८. मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट धरून सात बाइट. ६४-बिट लिनक्सवर नेहमीच्या जीलिबसी या सी लायब्ररीत एवढ्यासाठी ३२ बाइट अडकतात. चाळीस रकाने आणि एक कोटी ओळी असतील, तर चाळीस कोटी वेळा जागा मागायची आणि तितक्याच वेळा परत करायची. त्यातली एखादी परत करायची राहिली, की ती गळती दिवसभर दिसत नाही. दिसते ती पहाटे तीनला.

लग्नाच्या पंगतीत एकेकाचं जेवण झालं म्हणून एकेक पत्रावळ उचलत नाहीत. पंगत उठली की एका दमात सगळ्या गोळा होतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये या पंगतीला मेमरी कॉन्टेक्स्ट म्हणतात. जागा मॅलॉकऐवजी त्याच्या पॅलॉकने मागायची, ती चालू कॉन्टेक्स्टमधून मिळते, आणि कॉन्टेक्स्ट रिसेट केला की त्यातलं सगळं एकदम जातं. फाइल टेबलात भरणारी कॉपी कमांड प्रत्येक ओळीसाठी असाच एक कॉन्टेक्स्ट वापरते. त्यामुळे ‘मोकळं कसं करायचं’ हा प्रश्नच उरत नाही. उरतो तो ‘हे किती वेळ जगायला हवं’ हा. आणि तिथेच मी स्वतः आपटलो.

महापालिकेच्या वॉर्डनुसार लावलेली फाइल होती, वॉर्ड हा पहिलाच रकाना. वॉर्ड बदलला की बेरीज बंद करायची, म्हणून मी मागच्या ओळीतल्या वॉर्डचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, जपून ठेवला. मजकूर नव्हे, नुसता पॉइंटर. आता रिसेट झाला तरी कॉन्टेक्स्टचा पहिला ब्लॉक, म्हणजे मेमरीचा तुकडा, हातातच राहतो, पुढच्या ओळीला तोच मिळतो. म्हणजे नवा वॉर्ड नेमका जुन्याच्या जागी येऊन बसला. मी ‘जी उत्तर’ची तुलना ‘जी उत्तर’शीच करत होतो, मग ‘एच पश्चिम’ची ‘एच पश्चिम’शी. कुठे क्रॅश नाही, इशारा नाही. सगळी मुंबई एकाच वॉर्डात! एवढी एकजूट निवडणुकीतही दिसत नाही. चुका पकडायला वेगळ्या बांधलेल्या तपासणीच्या बिल्डमध्ये मोकळी झालेली जागा ७एफ या खुणेच्या बाइटने भरली जाते, पण त्यावरही पुढच्या ओळीचा खरा मजकूर आलेला, तेव्हा तिलाही पत्ता लागला नाही. दुरुस्ती दोन ओळींची होती: वॉर्डची प्रत संपूर्ण लोडभर टिकणाऱ्या कॉन्टेक्स्टमध्ये काढायची.

दुसरी गोष्ट वाढणाऱ्या बफरची, म्हणजे मजकूर तात्पुरता साठवायच्या जागेची. गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली आणि तुम्ही जुन्याच पत्त्यावर लग्नपत्रिका पाठवली, तर काय होईल? बफर अपुरा पडला की तो मोठ्या जागेत हलतो, आणि आधी टिपून ठेवलेले रकान्यांचे पत्ते खोटे ठरतात. कॉपीच्या कोडमध्ये यावर छान तोड आहे. एस्केप, म्हणजे खास चिन्हांआधी लावलेल्या खुणा, काढल्यावर मजकूर मूळ ओळीपेक्षा लांब होऊच शकत नाही. म्हणून आधीच ओळीएवढी जागा करून घेतात आणि मग निर्धास्त लिहीत सुटतात; मध्ये घर हलवायची वेळच येत नाही. तुमच्या पार्सरला अशी हमी देता येत नसेल, तर पत्ता नको, बफरच्या सुरुवातीपासूनचं अंतर साठवा.

आता इंचाची खूण. एका फाइलमध्ये कोणीतरी पाइपचा व्यास सहा इंच लिहिला होता, दुहेरी अवतरण चिन्ह वापरून. पोस्टग्रेसच्या लेखी तिथे अवतरण उघडलं. बंद करणारं दुसरं चिन्ह पुढे कुठेच नाही. झालं, अवतरणातली नवी ओळही मजकूरच धरली जाते, त्यामुळे त्यानंतरच्या लाखो ओळी एकाच रकान्याचा मजकूर ठरल्या! बफर १ केबीपासून दुप्पट होत निघाला. वीस वेळा दुप्पट केलं की १ जीबी होतो, आणि पोस्टग्रेसमध्ये असा बफर त्यापुढे वाढत नाही, म्हणून तिथे एरर आली. मर्यादा नसती तर सर्व्हरच झोपला असता. तेव्हापासून आमच्या लोडरमध्ये एक ओळ ६४ केबीच्या वर गेली की आम्ही थांबतो आणि अवतरण कुठल्या ओळीत उघडलं ते छापतो.

(श्रोत्यांतून प्रश्न: हे सगळं रस्ट भाषेत लिहिलं असतं तर?)

वॉर्डचा पॉइंटर कंपायलरने जागच्या जागी पकडला असता, चाळीचा पत्ताही. पण तो सहा इंची पाइप रस्टमध्येसुद्धा तेवढीच मेमरी प्यायला असता.