बादलीतलं पाणी मोजा, मग एसीचा टन ठरवा

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या मे महिन्यात मालवणला आमच्या शेजारच्या काकींनी मला हाक मारून विचारलं, "आमच्या खोलीक किती टनाचो एसी लागतलो रे?" दुकानात त्यांना फक्त खोलीची लांबी-रुंदी विचारली होती आणि लगेच दोन टन सांगून टाकले होते. वर छप्पर कसलं आहे, खिडकी कुठल्या दिशेला आहे, यातलं काहीच विचारलं नव्हतं. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण हा हिशेब वही-पेन्सिल घेऊन कोणालाही करता येतो. आज आपण तोच करूया.

आधी टन म्हणजे काय ते पाहू. हे एसीचं वजन नव्हे. पूर्वी गारव्यासाठी बर्फच वापरत. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता ओढून घेतो, त्या वेगाने उष्णता बाहेर काढणारं यंत्र ते एक टनाचं. आजच्या मापात साधारण साडेतीन किलोवॅट. म्हणजे खरा प्रश्न असा, की काकींच्या खोलीत ताशी उष्णता येते किती?

खोली तीन मीटर बाय चार मीटर, वर उघडा स्लॅब. मेच्या पहिल्या आठवड्यात मालवणला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. काळवंडलेला स्लॅब पंचावन्न अंशांच्या आसपास तापतो. ५४ धरू, आणि खोलीत आपल्याला २४ अंश पाहिजेत. फरक ३० अंशांचा. दीडशे मिलिमीटरच्या नुसत्या स्लॅबमधून एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमागे साडेतीन वॅट उष्णता खाली उतरते. आता गुणाकार करा: बारा चौरस मीटर, गुणिले साडेतीन, गुणिले तीस. १२६० वॅट. एक टनाच्या एसीची तिसऱ्या हिश्शाहून जास्त ताकद नुसत्या छपरात गेली! आणि ही उष्णता दुपारबरोबर जात नाही. स्लॅब ती धरून ठेवतो. रात्री नऊला खाटेवर उभं राहून छताला तळहात लावून बघा, भाकरी काढल्यावर तवा लागतो तसं ते लागतं.

आपल्या जुन्या घरांची कौलं दुपारी तापतात खरी, पण ती पातळ, फटींतून वारा खेळतो, दिवेलागणीपर्यंत निवतात. शिवाय मधे माळा असतो. स्लॅबच्या घरात ही सोय आपण स्वतःच काढून टाकली. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ सालच्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, छपरातून उतरणाऱ्या उष्णतेचा हाच साडेतीन वॅटचा आकडा १.२ च्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. तेवढं साधलं, तर १२६० वॅटचे सव्वाचारशे होतात.

थंडीसाठी घर तापवण्याचा हिशेब आपल्याला लागत नाही. तो बहुधा १८ अंशांखालच्या दिवसांवरून मांडतात, आणि दिवसाची सरासरी त्याखाली गेली असा दिवस किनाऱ्यावर जवळजवळ येतच नाही.

आता हवा. इथेच कोकणाचा हिशेब देशावरच्या हिशेबापासून वेगळा होतो, आणि इथेच सगळे चुकतात. दार-खिडक्यांच्या फटींतून तासाभरात खोलीतली हवा एकदा बदलते असं धरा. पावसाच्या तोंडावर बाहेर ३० अंश आणि ऐंशी टक्के दमटपणा. ही हवा २४ अंशांपर्यंत गार करायला साधारण ७० वॅट पुरतात. पण त्या हवेतून दर तासाला अर्धा लिटर पाणी पिळून काढावं लागतं, त्याला ३४० वॅट. गार करण्याच्या पाचपट काम नुसतं वाळवण्याचं! देशावर एप्रिलात ३८ अंश असले तरी हवा कोरडी, दमटपणा वीस टक्के. तेवढ्याच हवेला तिथे १६० वॅटमध्ये भागतं. म्हणून मी म्हणतो, थर्मामीटर बघून कोकणातल्या एसीचा अंदाज करू नका.

हे खरं वाटत नसेल तर मी केलं ते करा. आईच्या खोलीच्या एसीची नळी जिथून ठिबकते तिथे मी जूनमध्ये रात्री दहाला बादली ठेवली. सकाळी सातला लोट्याने मापलं, साडेचार लिटर भरलं. एक लिटर पाणी हवेतून काढायला सुमारे ०.६८ युनिट उष्णता ओढावी लागते. म्हणजे तीन युनिट उष्णता. एसी विजेच्या एका युनिटात तीन-साडेतीन युनिट उष्णता बाहेर टाकतो, असं धरलं तर बिलातलं जवळजवळ एक युनिट रोज त्या बादलीत जात होतं. मग मी फटींना रबराची पट्टी लावली आणि आईचे ओले कपडे त्या खोलीत वाळत घालणं बंद केलं.

काकींच्या खोलीची बेरीज अशी झाली: स्लॅब साडेबाराशे, हवा चारशे, दोन माणसं दोनशे, पश्चिमेची खिडकी आणि भिंती मिळून सहाशे. अडीच किलोवॅटच्या आत. एक टन पुरेसा. दोन टनांचा घेतला असता तर जुनं चालू-बंद होणारं यंत्र पाच मिनिटांत खोली गार करून थांबलं असतं, पाणी काढायला त्याला वेळच मिळाला नसता. खोली गार पण ओलसर, आणि कपाटातल्या साड्यांना बुरशी.

काकींनी आधी गच्चीवर पांढरा चुना मारून घेतला. पश्चिमेच्या खिडकीपुढे खळ्यात माडाच्या झापांचा मांडव घातला, पूर्वी दर उन्हाळ्यात घालायचे तसाच. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, सुटली की काकी खिडक्या उघडतात. परवा त्यांच्याकडे गेलो होतो. एसी अजून खोक्यातच आहे. "गरमी वाढली काय मगे बघूया," म्हणाल्या.

नमस्कार.